लोलाच्या म्हणी

आमच्या घरमालकिणीने घर दाखवण्याआधी माझी तोंडी परीक्षा घेतली होती.

नेपरव्हिलला आम्ही नवीनच आलो होतो. नवऱ्याचं काम शिकागोत, रोज सकाळी ट्रेन पकडायची, म्हणून स्टेशनला पायी जाता येईल असं घर आम्ही शोधत होतो. एका घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचाय असं कळलं म्हणून गेलो, तर दार एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या म्हाताऱ्या बाईने उघडलं. अंगात दोन स्वेटर, पायात रबरी सपाता, आणि मागून शिजत्या भाताचा वास. नवऱ्याने आपण कुठे काम करतो, कधीपासून करतो हे सांगायला सुरुवात केली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि तिच्या भाषेत, म्हणजे तागालोगमध्ये, गाण्याच्या ओळीसारखं काहीतरी म्हणाली. मग त्याचं इंग्रजी करून सांगितलं आणि विचारलं, "आता सांग, याचा अर्थ काय?"

ती म्हण पांघरुणावरची होती. पांघरूण आखूड असलं तर माणसाने काय करावं, अशी. मी नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून आलेली. परीक्षा घ्यायची सवय, द्यायची राहिलेली नव्हती. तरी मी सरसावून उत्तर दिलं: माणसाने परिस्थितीशी जुळवून घ्यावं, हाव धरू नये, वगैरे.

"हा पुस्तकातला अर्थ," ती म्हणाली. "ठीक आहे. बाकीचा अर्थ हिवाळा झाल्यावर सांग."

आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. नवरा जिन्यात मला म्हणाला, "यार, तू पास झालीस की नापास?"

ती मूळची फिलिपीन्सची, बतांगास नावाच्या भागातल्या एका नदीकाठच्या गावची. तरुणपणी नर्स म्हणून अमेरिकेत आली, आयुष्यभर हॉस्पिटलांत काम केलं आणि आता निवृत्त झाली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. चर्चमधली सगळी पोरं तिला लोला म्हणत. लोला म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. मीही तेच म्हणायला लागले. सुरुवातीला मनातल्या मनात मी तिला अहोजाहो करत होते. पहिल्या महिन्यातच ते गळून पडलं. सकाळी सकाळी सपाता फटकारत वर येऊन, आपल्याच भांड्याचं झाकण उघडून वास घेणाऱ्या बाईला अहोजाहो कसं करणार?

लोलाकडे प्रत्येक गोष्टीवर म्हण होती. ती पोस्टमनला सांगे, प्लंबरला सांगे, पाद्रीबाबांना तर प्रवचन संपल्यावर चर्चच्या दारातच सांगे. आणि सांगून सोडून देत नसे. अर्थ विचारायची. प्लंबर बिचारा सिंकखाली आडवा पडलेला, वरून लोलाचा प्रश्न. त्याने चुकीचा अर्थ सांगितला तर ती दुरुस्त करायची, बरोबर सांगितला तर म्हणायची, "हा झाला तुला सांगितल्यावरचा अर्थ. हीच म्हण मी तुझ्या बॉसला सांगितली तर?"

हे तिचं मुख्य तत्त्वज्ञान होतं. म्हणीला स्वतःचा अर्थ नसतो. कोण कुणाला सांगतंय, त्यावर तो ठरतो. पांघरुणाची म्हण आईने पोराला सांगितली तर ती माया. जमीनदाराने कुळाला सांगितली तर तो उद्धटपणा. लहानपणी तिने ती स्वतःच्या आईला ऐकवली होती आणि थोबाडीत खाल्ली होती. एकदा मी म्हटलं, लोला, मी या सगळ्या म्हणी लिहून ठेवते. तर तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "कागदावर कोण कुणाला बोलतंय ते कसं कळणार?" म्हणाली. म्हणूनच इथेही मी तिची एकही म्हण देणार नाही. तिला आवडलं नसतं.

दुसरा नियम याहून कडक होता. म्हण घडायच्या आधी सांगायची. घडून गेल्यावर नाही. एखाद्याचं नुकसान होऊन गेलं की त्याला शहाणपण ऐकवणं हा तिच्या लेखी शुद्ध आगाऊपणा. अशा वेळी ती काही बोलत नसे. आलं घालून भाताची कोंबडीच्या रश्शातली गरम पेज करायची आणि वाडगा आणून समोर ठेवायची. त्यामुळे आम्हाला एक सोय झाली होती. काही बिनसलं की आम्ही लोलाकडे बघायचो. तिने म्हण सांगितली, तर अजून हातात काहीतरी आहे.

नवऱ्याचं प्रोजेक्ट अचानक बंद झालं, तेव्हा तो दुपारीच घरी आला. त्या दिवसांत अशा बातम्या रोज कानावर येत होत्या. आमच्या ओळखीची दोन कुटुंबं सामान विकून परत गेली होती. व्हिसा नोकरीवर, नोकरी गेली की सगळंच गेलं. तो जिन्यावर डोकं धरून बसला. लोला खालून आली, त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि तिने म्हण सांगितली. मांसाच्या रश्शावरची, सबुरीची. नवऱ्याने ताडकन वर पाहिलं. "म्हणजे अजून चान्स आहे?"

"अर्थ सांग," लोला म्हणाली.

त्याने अर्थ सांगितला, चूक सांगितला, शिव्या खाल्ल्या आणि उठून फोन करायला लागला. दुसरं काम मिळालं. तो अजून म्हणतो की त्या दिवशी लोलाने पेज आणली असती तर मी बॅगाच भरायला घेतल्या असत्या.

पेज एकदा माझ्यासाठी आली. पहिल्या खेपेला माझं मूल राहिलं नाही, तेव्हा. हॉस्पिटलमधून आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. फोनवर सगळे मला काही ना काही समजावत होते. लोलाने वाडगा आणला, टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि पाय पलंगाच्या कडेवर टेकवून बसली. काही बोलली नाही. पेज गार झाली की खाली नेऊन गरम करून आणायची. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला मी उठून ती खाल्ली. तिची सगळ्यात मोठी शिकवण मला त्या न बोलण्यातच मिळाली असं मला वाटतं.

पण लोला म्हणजे काही गंभीर प्रकरण नव्हतं. तिच्या घरी क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन यायचे तेव्हा आम्ही मुद्दाम खाली जाऊन बसायचो. पलीकडचा माणूस पाठ केलेलं बोलायला लागला की ती त्याला थांबवायची, तागालोगमध्ये म्हण ऐकवायची आणि अर्थ विचारायची. बहुतेक जण फोन ठेवून द्यायचे. एकदा मात्र तिने अर्धीच म्हण सांगितली, श्वास घ्यायला थांबली, आणि पलीकडून त्या माणसाने उरलेली अर्धी पूर्ण केली.

लोला खुर्चीवरून उठून उभीच राहिली.

तो मनिलातल्या कॉल सेंटरमध्ये बसलेला एक तरुण होता. अमेरिकन नाव सांगून, अमेरिकन उच्चार करून बोलत होता, आणि म्हण ऐकल्यावर त्याच्या तोंडून पटकन निघून गेलं. मग कसलं क्रेडिट कार्ड! गाव कुठलं, आई काय करते, जेवलास का, रात्रपाळीला स्वेटर घालतोस का. तो मधूनमधून घाईघाईने व्याजदराचं काहीतरी इंग्रजीत मोठ्याने म्हणायचा. त्याचा साहेब मागून जात असणार. लोला त्या वेळी तेवढ्यापुरती गंभीरपणे "येस, येस, व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणायची. त्यानंतर कित्येक दिवस फोन वाजला की ती पदार्थ गॅसवर सोडून धावायची. कार्ड मात्र घेतलं नाही.

माझ्या आईशीही तिची अशीच ओळख झाली. मी नागपूरला आईला फोनकार्डावरून फोन करायचे, खाली लोलाच्या स्वयंपाकघरात असले तर तिथूनच. लोलाने विचारलं, तुझ्या आईकडे म्हणी आहेत का? मी आईला विचारलं. आईला तो अपमानच वाटला. "आहेत का म्हणजे? तिला म्हणावं, तू सुरुवात कर."

मग जुंपली. लोला एक टाकायची, मी मराठी करायचे, आई पलीकडून त्याच अर्थाची आपली एक टाकायची, मी इंग्रजी करायचे. पांघरुणाला आईकडे अंथरूण निघालं. संथ पाण्याला संथ पाणी निघालं. बेडकाला बेडूक. एकेकदा आई अडली की म्हणायची, "थांब, होल्ड कर म्हणावं, शेजारच्या काकूंना विचारते." त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघी एकदमच बोलायच्या. फोनकार्ड संपून लाइन तुटली की लोला विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायची. तिकडे आईलाही आपणच जिंकलो असं वाटायचं.

मराठी मंडळाच्या गणपतीला मी तिला घेऊन गेले, तर तिथेही तेच. मोदकाची प्लेट हातात घेऊन ती एकेकाला गाठायची: तुमच्या भाषेतली एक म्हण सांगा. आमचे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर चाचरायला लागले. "आम्हाला ना, शाळेत म्हण पूर्ण करा असा प्रश्न यायचा," एक जण म्हणाला. "सुरुवात दिली तर सांगता येईल." इथे वाढलेली त्याची मुलगी म्हणाली, "डॅड, यू आर सो लेम." लोलाला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. तिला शेजारी बसवून तिने दोन म्हणी पाठ करून घेतल्या, तागालोगमध्ये.

गाडी मला लोलाने शिकवली. नवऱ्याला वेळ नव्हता, आणि होता तेव्हा तो ब्रेकच्या जागी पाय दाबून, डोळे मिटून बसायचा. लोलाची लांबलचक जुनी गाडी घेऊन आम्ही आठवड्याच्या मधल्या वारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जायचो. तिने सूचनांऐवजी म्हणी वापरल्या. घाई केली की एक, आरशात बघायला विसरले की दुसरी. वळण लवकर घेतलं तर ती कोळंबीची, झोप काढणाऱ्या कोळंबीला प्रवाह कुठे नेतो ती. दोन महिन्यांत मला अशी सवय झाली की तागालोगचे दोन शब्द ऐकले की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. रस्त्यावर मला भीती वाटली की ती खिडकी खाली करून, मागून हॉर्न मारणाऱ्यालाच म्हण ऐकवायची. मला हसू यायचं आणि भीती जायची. लायसन्स मिळालं त्या दिवशी ती मला म्हणाली, "आता मला बाजारात ने. आणि मी बोलणार नाही." ती खरंच बोलली नाही. घरी आल्यावर तिने स्वतःचे हात दाखवले. पर्सच्या पट्ट्याचे वळ उठले होते.

हे सगळं असं चालू असताना एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. लोलाला एक मुलगी होती, कॅलिफोर्नियात, फार्मसिस्ट. भिंतीवर तिचा पदवीचा फोटो होता. तिचा फोन नाताळला यायचा आणि वाढदिवसाला यायचा. त्या फोनवर लोला म्हणी सांगायची आणि फोन लवकर संपायचा. अर्थ मात्र ती मुलीला कधी विचारत नसे.

एकदा तो फोन मी उचलला, कारण लोला अंघोळीला गेली होती. मुलगी फार नीट बोलली. ठेवता ठेवता मी आपली कौतुकाने म्हणाले, "तुमच्या आईच्या म्हणी आम्हाला फार आवडतात."

 ती म्हणाली, "त्या तिच्या नाहीत. माझ्या आजीच्या आहेत."

पुढचं मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. लोला अमेरिकेला निघाली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. बरोबर आणणं शक्य नव्हतं. तिला लोलाच्या आईकडे ठेवलं. एक वर्ष, दोन वर्षं म्हणता म्हणता ती बाराची झाली, तेव्हा कुठे तिला एकटीला विमानात बसवून इकडे पाठवलं. जानेवारीचा महिना, अंगात पातळ स्वेटर. नर्सच्या कपड्यांवर कोट घातलेली एक बाई विमानतळावर घ्यायला आली. "इतक्या वर्षांनी आई भेटली," मुलगी मला म्हणाली, "आणि तिने काय केलं? मला म्हण सांगितली. मी आजीकडून रोज ऐकलेली. मला वाटलं, या बाईकडे स्वतःचं बोलायला काहीच नाही का?"

हे बोलणं झालं ते लोलाचा पाय मोडल्यानंतर.

फेब्रुवारीची सकाळ होती. ड्राइव्हवेवर बर्फाचा पातळ थर जमला होता, आणि माझ्या हातून मिठाची बादली हिसकावून घेऊन बर्फ विरघळावा म्हणून ती स्वतः मीठ टाकायला गेली. मी वरून आवाज ऐकला. खाली धावले तर ती गाडीला टेकून बर्फात बसली होती, सपात लांब उडालेली. "घोटा," ती म्हणाली. "मोडलाय. दोन ठिकाणी असेल." तिच्या तोंडून म्हण निघाली नाही, तेव्हा मी अँब्युलन्सला फोन करायला वळले.

अँब्युलन्सला ती तयार होईना. मी आणि समोरच्या घरातल्या माणसाने मिळून तिला मागच्या सीटवर आडवं केलं, पायाखाली उशा दिल्या, आणि मी हॉस्पिटलकडे गाडी काढली. रस्ता निसरडा, समोर बर्फ उडवत चाललेले ट्रक. मी नेहमीच्या सवयीने तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. मागून फक्त दातांतून घेतलेला श्वास ऐकू येत होता. शेवटी मीच तिच्या म्हणी म्हणायला सुरुवात केली. घाईची, आरशाची, कोळंबीची, जशा आठवतील तशा, मोडक्या उच्चारात. तिसऱ्या सिग्नलला मागून आवाज आला, "उच्चार भयंकर आहे." मग मला धीर आला.

ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. मी मुलीला फोन केला. वाटलं, काय सांगते कोण जाणे. ती दुसऱ्या दिवशी आली आणि सुट्टी काढून राहिली.

ते दिवस अवघड होते. मुलगी सगळं व्यवस्थित करायची. औषधं, व्यायाम, अंघोळ. नर्स असलेल्या आईची नर्स होणं सोपं नसतं. लोला म्हण सांगायची, मुलगी इंग्रजीत "ओके, मॉम" म्हणायची आणि टीव्ही लावायची. मी खाली-वर करत राहायचे. दोघीही माझ्याशी भरपूर बोलायच्या.

मग एक रविवार आला. बाहेर बर्फ वितळत होता, पन्हाळीतून पाणी गळत होतं. आम्ही तिघी टेबलाशी बसून लुंपिया वळत होतो. पातळ पारीत खिमा आणि भाज्या भरून केलेले लांबट रोल. नवरा वर झोपला होता. मुलगी पारी फार घट्ट वळत होती, दोनदा फाटली. लोलाने म्हण सांगितली. बांबूची, वाकण्याची.

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "वारा नाही. पाणी."

"काय?"

"तू वाऱ्याने वाकतो म्हणालीस. ते पाण्याने आहे."

लोलाला कुणी म्हण दुरुस्त करावी, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. तिने हातातली पारी खाली ठेवली. "वारा आहे. माझी आई मला लहानपणापासून सांगत आली. वारा."

"मला तिने नेहमी पाणी सांगितलं."

"मग तू चुकीचं ऐकलंस."

"नाही, मॉम." तिने पहिल्यांदा मान वर केली. "तिने बदललं. पुरानंतर बदललं."

"कसला पूर?"

मुलगी आधी आईकडे, मग माझ्याकडे बघायला लागली, जणू मला तरी माहीत असेल. "नदीला पूर आला होता. वादळाच्या वर्षी. आपलं घर गेलं. मी आणि आजी छपरावर होतो, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी आठ वर्षांची होते. तुला माहीत नाही?"

लोला म्हणाली, "मला कुणी कळवलं नाही." मग पुन्हा तेच, हळू. "मला कुणी कळवलं नाही. पत्रात काही नव्हतं. घर दुरुस्त केलंय, एवढंच होतं."

"आजीने सगळ्यांना सांगितलं होतं, तिला कळवू नका. कळलं तर सगळं सोडून परत येईल, म्हणाली. मला वाटायचं, नंतर तरी सांगितलं असेल. मला वाटायचं, तुला माहीत होतं आणि तरी तू आली नाहीस."

पन्हाळीतलं पाणी गळत होतं. मी उठून जावं की काय मला कळेना. पण उठले असते तर खुर्ची वाजली असती, म्हणून तशीच बसून राहिले.

लोलाने खाली ठेवलेली पारी पुन्हा उचलली. मला वाटलं, आता म्हण येणार. तिचे ओठही हलले. पण ती साधं बोलली. "तू खूप घाबरली होतीस?"

"आजी ती म्हण म्हणत होती. मोठ्याने. पाणी वाढलं की आणखी मोठ्याने. बांबूची एक झाडी होती ना आपल्या मागे, ती पाण्यात पार आडवी झाली होती. ती मला सांगायची, बघ, बघ, ते तुटत नाहीयेत. तेव्हापासून तिने शब्द बदलला." मुलीने पिठाचे हात पुसले. "मी तुला हाका मारत होते. मूर्खासारखी. अमेरिका कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. वाटायचं, नदीपलीकडे असेल."

"मी इथे होते," लोला म्हणाली. "मला ऐकू आलं नाही."

मग तिने टेबलावरून हात लांब करून मुलीचं मनगट धरलं. "मी तुला सोडून आले. चांगल्यासाठी आले, पण सोडून आले. हे मी कधी बोलले नाही. विमानतळावर बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही, म्हणून आईचं काहीतरी बोलले."

मुलगी रडली. लोला रडली नाही. तिने मनगट घट्ट धरून ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आता मला सांग. मी गेल्यावर आणखी काय काय म्हणायची ती?"

लोलाची आई गेली तेव्हा लोलाला जाता आलं नव्हतं, कागदपत्रं अडकलेली. आईची मुलीबरोबरची वर्षं तिने पाहिलीच नव्हती. त्या दुपारी ती सगळी वर्षं मुलीने सांगितली. आजी म्हातारपणी कोंबड्यांना कशी शिव्या द्यायची. बाजारात भाव करताना कुठली म्हण काढायची. नवं घर बांधताना उंबरठा किती उंच करायला लावला. लोला लहान मुलीसारखे प्रश्न विचारत होती, आणि मुलगी, जी एरवी आईशी तीन शब्दांच्या वर बोलत नसे, ती हातवारे करून सांगत होती. हळूहळू त्या दोघी इंग्रजीतून तागालोगमध्ये कधी गेल्या ते मला कळलंही नाही. मी उरलेल्या लुंपिया वळून, तळून त्यांच्यासमोर ठेवल्या आणि वर गेले.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही. मिठावरून भांडणं झाली, टीव्हीच्या आवाजावरून झाली. पण कॅलिफोर्नियाचा फोन आता दर रविवारी यायचा, आणि लोला मुलीला विचारायची, अमुक म्हणीत आजी नक्की काय म्हणायची? मुलगी सांगेल ते प्रमाण. आमच्याशी बोलतानाही लोलात फरक पडला. मधूनच एखादी गोष्ट ती सरळ सांगून टाकायची. "तुझी भाजी खारट झालीय," एवढंच. आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं.

दीड-दोन वर्षांनी नवऱ्याला नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला नोकरी मिळाली आणि आमचं निघायचं ठरलं. त्याच सुमाराला लोलानेही घर विकायला काढलं. ती मुलीकडे राहायला जाणार होती, आणि त्याआधी दोघी मिळून बतांगासला जाऊन येणार होत्या. इतकी वर्षं ती म्हणायची, तिथे माझं कोण आहे, मी कुणाकडे जाऊ? आता तिने स्वतःच तिकिटं काढली. महिनाभर राहिल्या त्या तिथे. परत आल्यावर लोलाने मला फोनवर सांगितलं की गावातली पोरं तिच्या तागालोगला हसतात, म्हणे फार जुन्या पद्धतीचं आहे. आणि बांबूची ती झाडी आहे अजून.

पण मला आठवते ती त्यांच्या निघण्याची सकाळ. विमानतळावर मीच सोडायला गेले होते, लोलाच्याच गाडीतून. घोटा अजून दुखायचा म्हणून तिच्यासाठी व्हीलचेअर सांगितली होती. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले आणि व्हीलचेअरच्या प्रवाशांना विचारतात तसं विचारलं, "मनिलाला उतरल्यावर तुम्हाला घ्यायला कोणी येणार आहे का?"

एरवी लोलाने या प्रश्नावर त्या मुलीला निदान पाच मिनिटं अडकवून ठेवलं असतं.

"घ्यायला कशाला?" लोला म्हणाली. "ही माझी मुलगी. घराचा रस्ता हिला माहीत आहे. मी हिच्या मागे मागे जाणार."

व्हीलचेअर ढकलायला आलेला माणूस पुढे झाला. मुलीने आपली बॅग खांद्यावर नीट अडकवली आणि त्याला हाताने थांबवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मी नेते."